उसवाउसवी

निवृत्त इंग्रजी शिक्षकाला दोनच उद्योग उरतात. एक, लोकांच्या लग्नपत्रिकांतलं इंग्रजी तपासणं. आणि दुसरा, शब्दकोश वाचणं. पहिला उद्योग मी लवकरच आवरता घेतला, कारण आमंत्रणं कमी होऊ लागली. शब्दकोशाचं तसं नाही. त्यातले शब्द रागावत नाहीत. जेवायला बोलावत नाहीत हे खरं, पण रुसूनही बसत नाहीत.

माझ्याकडचा शब्दकोश म्हणजे उशीएवढा जाड, पाठ निखळलेला, जुना वेबस्टर. तो मला भिवंडीत कल्याण नाक्याजवळच्या एका भंगारवाल्याकडे वजनावर मिळाला. एका पारड्यात अख्खी इंग्रजी भाषा आणि दुसऱ्यात लोखंडी वजनं. इंग्रजी भाषा पावणेचार किलो भरली. शेजारी मोडीत निघालेल्या यंत्रमागांची दातेरी चाकं आणि बिडाचे पाय रचून ठेवलेले होते. भंगारवाल्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, लोखंड घ्या. निदान विकताना भाव तरी येईल."

त्या वेबस्टरमध्ये मला ते क्रियापद भेटलं.

इंग्रजीत काही क्रियापदं लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखी असतात. मुलाकडच्यांना वाटतं ते मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं ते मुलाकडचे. पंगतीत बसतात, जिलबी वाढून घेतात, पान खाऊन निघून जातात. नाव कुणालाच ठाऊक नसतं. हे त्यांतलंच एक. उच्चार रीटेक्स. स्पेलिंग आर ई टी ई एक्स. अर्थ : विणलेलं उसवावं तसं एखादं केलेलं काम मोडून टाकणं, रद्द करणं. सतराव्या शतकातल्या काही विद्वान मंडळींनी ते वापरलं आणि पुढे त्याला कुणी विचारेना. वेबस्टरनं त्याच्यासमोर 'अप्रचलित' असा शेरा मारून त्याला एका कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. निवृत्त माणसाला अप्रचलित शब्दाविषयी एक वेगळीच माया वाटते. मी पान दुमडून ठेवलं.

नवा शब्द सापडला की तो कुणाला तरी ऐकवल्याशिवाय मला अन्न जात नाही. पहिला मान नेहमी घरचा. पण सौ. त्या वेळी डाळ फोडणीला टाकत होती, आणि फोडणीच्या वेळी लॅटिन काढू नये हे मी चाळीस वर्षांच्या संसारात शिकलो आहे. तेव्हा मी खाली उतरलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चाचांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चार लूम. चाचा त्या चार लूमचे मालक आहेत आणि कामगार आला नाही की त्याच चार लूमचे कामगारही आहेत. त्यांचे पणजोबा उत्तर प्रदेशातून आग्रा रोडनं चालत इकडे आले, ते हातमागावरचे विणकर. सत्तावन्नच्या बंडानंतर असे कितीतरी विणकर त्या रस्त्यानं मालेगावला आणि भिवंडीला येऊन ठेपले. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. सगळे आले ते धाग्याचं टोक धरूनच.

"चाचा," मी लूमच्या खटखटाटावर आवाज चढवून म्हटलं, "आज एक नवीन नाव सापडलं. रीटेक्स!"

चाचांनी हातातली कांडी धोट्यात बसवली आणि काळजीनं विचारलं, "मार्केटकी पार्टी है? पेमेंट टाइमपे देती है?"

यात चाचांचं काही चुकलं नाही. भिवंडीत ज्या कशाच्या शेवटी 'टेक्स' असेल ती पार्टीच असते. कुणी मुलाच्या नावाला टेक्स जोडतो, कुणी बायकोच्या. नुसत्या पाट्या वाचत गैबीनगरपर्यंत गेलं तर लॅटिनचा एक धडा फुकटात पदरात पडतो. कारण हा टेक्स अस्सल लॅटिन आहे. 'टेक्सेरे' म्हणजे विणणे. त्यापासून टेक्स्टाइल झालं हे सांगायला मास्तर नको. पण टेक्स्ट, म्हणजे मजकूर, हाही त्याच मागावरून उतरला आहे. वाक्यात शब्द गुंफले जातात ते कापडात धागे विणले जातात तसे, असं रोमन लोकांना वाटलं आणि त्यांनी कापडाचा शब्द लिखाणाला दिला. म्हणजे मी पस्तीस वर्षं वर्गात 'टेक्स्ट उघडा, टेक्स्ट उघडा' म्हणून ओरडत होतो, तेव्हा मुळातल्या अर्थानं तागा उलगडा म्हणत होतो. मुलं पेंगत ती बहुधा त्यामुळेच. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी रात्रभर तागेच उलगडत असत.

हे कुटुंब मोठं आहे. भोवतीच्या विणकामासकट वाचायचं ते कॉन्टेक्स्ट. आणि मला सगळ्यांत आवडतो तो प्रीटेक्स्ट, म्हणजे सबब. 'पुढे विणणे' हा त्याचा मूळ अर्थ. रोममध्ये अधिकारी माणसाच्या आणि चांगल्या घरच्या मुलांच्या अंगावर जांभळ्या काठाचा टोगा असे, त्याचं नावही ह्याच क्रियापदावरून पडलेलं. पुढून सुरेख काठ विणला की मागे काय आहे ते कुणी पाहत नाही. सबबीचं शास्त्र याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही. 'काल आजी वारली' म्हणून रजेचा अर्ज आणणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत सात आज्या वारल्या. तो काठ इतका देखणा विणायचा, की मी दर वेळी सही करत असे.

आता एवढं लॅटिनचं कौतुक चाललं आहे म्हणून आपल्या भाषांनी खाली मान घालायचं कारण नाही. आपल्याकडेही पंडितांनी शब्द उचलले ते विणकराच्याच घरातून. फक्त उसने घेतलेले परत करायला विसरले. 'तंत्र' या शब्दाचा एक जुना अर्थ माग, मागावर ताणलेला उभा धागा. म्हणजे तंत्रज्ञान पवईला पोचण्याआधी भिवंडीत होतं. 'सूत्र' म्हणजे तर उघडउघड सूत. पाणिनीनं व्याकरण लिहिलं ते सुतातच. 'तंतोतंत' म्हणजे तंतूला तंतू, धाग्याला धागा. आणि 'ओतप्रोत'! आमचे पुढारी 'जनतेचं ओतप्रोत प्रेम' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी घागर ओतत असतं. पण त्याचा आपल्या ओतण्याशी काही संबंध नाही. ओत आणि प्रोत म्हणजे उभं आणि आडवं विणलेलं. उपनिषदात गार्गीनं याज्ञवल्क्याला हेच विचारलं : हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर मग पाणी कशात ओतप्रोत आहे? प्रश्न विणकराच्या मुलीला शोभेल असा होता. याज्ञवल्क्यानं थोडी उत्तरं दिली आणि शेवटी 'आता जास्त विचारू नकोस' असं बजावलं. वर्गात मीही शेवटी हेच करत असे.

आणखी एक गंमत. ज्या धातूपासून लॅटिननं विणणं घेतलं, त्याच धातूपासून संस्कृतनं लाकूड तासणं घेतलं. 'तक्षन्' म्हणजे सुतार. दोघा भावांनी वाटण्या केल्या. एकानं माग घेतला, दुसऱ्यानं वाकस घेतला. बरं, आपला 'सुतार' तरी कुठून आला? 'सूत्रधार' या शब्दातून, म्हणजे लाकडावर रेघ मारायला हातात सूत धरणारा. फिरून सुतापाशीच! सुतावरून स्वर्ग गाठण्याची सवय मला नोकरीत असल्यापासून आहे, पण इथे स्वर्गच आपणहून सुतावरून खाली उतरला होता.

तर रीटेक्स. 'टेक्सेरे'च्या आधी 'री' लावला की झालं रीटेक्सेरे, उसवणे. या क्रियापदाची जगप्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे ग्रीक पुराणातली पेनेलोपी. नवरा ट्रॉयच्या युद्धावर गेला तो वीस वर्षं परतला नाही. दारात लग्नाच्या उमेदवारांची रांग. तिनं सांगितलं, सासऱ्यांसाठी कफन विणते आहे, ते पुरं होऊ द्या, मग बघू. दिवसभर विणायची आणि रात्री दिवटीच्या उजेडात सगळं उसवायची. तीन वर्षं हे चाललं. शेवटी घरातल्याच एका दासीनं चुगली केली. दिवसा करायचं आणि रात्री मोडायचं, हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या गल्लीचा रस्ता गेली काही वर्षं याच पद्धतीनं होतो आहे. एक खातं डांबर घालून जातं, दुसरं खातं तो खणून नळ टाकतं. नवरा कुणाचा हरवला आहे एवढंच अजून समजलेलं नाही.

इथपर्यंत माझी विद्वत्ता सुखरूप होती. ती घसरायला लागली ती घरच्या एका स्वेटरमुळे.

भिवंडीत स्वेटर ही वस्तू कपाटात ठेवण्यासाठी असते. थंडी आमच्याकडे येते ती पाहुण्यासारखी, दोन दिवस राहून आल्या पावली जाते. तरीही आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सौ.नं माझ्यासाठी एक निळा स्वेटर विणला होता. मी तो एकूण सातदा घातला. त्यांतला दोनदा आजारी असताना. मध्यंतरी एका दुपारी पाहतो तर बाईसाहेब तोच स्वेटर मांडीवर घेऊन भराभर उसवत बसलेल्या. लोकर सुटत होती आणि शेजारी तिचा गुंडा वाढत होता.

"अगं, हे काय? चाळीस वर्षांची आठवण आहे ती!"

"आठवणीला कसर लागायला लागली आहे," ती मान वर न करता म्हणाली. "नाशिकला थंडी असते. नातवाचा होईल यात."

"म्हणजे तू रीटेक्स करते आहेस!" मी आनंदानं ओरडलो. वीस मिनिटं तिला पेनेलोपी सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं. उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी झाली होती. ती पाटाभोवती गुंडाळून, कोमट पाण्यातून काढून तिनं दोरीवर वाळत घातली आणि खालच्या टोकाला माझं कुलूप बांधलं, पीळ निघावा म्हणून. मग म्हणाली, "तुमच्या त्या बाईचं मला काही पटत नाही. उसवायचं ते परत विणायला. नुसतंच उसवत बसायचं तर विणायचं कशाला?"

मी माझ्या खुर्चीत परतलो आणि मुकाट्यानं लॅटिनचा कोश काढला. पाहतो तर काय! लॅटिनमध्ये रीटेक्सेरेचे अर्थ दोन. एक, विणलेलं उसवणे. आणि दुसरा, नव्यानं विणणे. एकाच शब्दात दोन्ही. कारण त्या 'री'लाच दोन अंगं आहेत : मागे जाणं आणि पुन्हा करणं. इंग्रज माणसानं दुकानातून शब्द घेतला, पण अर्धाच घरी नेला. उसवणं घेतलं, विणणं तिथेच फळीवर राहिलं. असला अर्धा शब्द मेला तर नवल काय?

इंग्रजाला हे जमलं नसेल, पण मराठी माणसाला ते नवीन नाही. आपल्या 'परत'ला हीच दोन अंगं आहेत. 'पुस्तक परत दे' म्हणजे माझं मला दे. 'गाणं परत म्हण' म्हणजे पुन्हा एकदा म्हण. 'परत या हं' असं दारात म्हणताना आपण पाहुण्याला मागे बोलावतो की पुढचं आमंत्रण देतो, हे पाहुण्यालाही ठाऊक नसतं आणि बहुतेक वेळा आपल्यालाही. सौ.नं 'परत विणायला' म्हणताना अख्खा लॅटिन कोश एका शब्दात संपवला होता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर संध्याकाळच्या चहाला कोण उठेल?

दुसऱ्या दिवशी मी चाचांना विचारलं, लूमवर कापड चुकलं तर तुम्ही उसवता का? चाचांनी लूम थांबवला. त्यांनी धंद्याच्या वेळेत लूम थांबवणं म्हणजे काय, हे भिवंडीकरालाच कळेल. मग आपल्या खास मराठीत त्यांनी मला धडा दिला. "मास्तर, चार बोटं असेल तर काढायचा. जास्त असेल तर जाऊ दे, चिंधीत जाईल. पण काढायचा तो आडवा धागा. एक एक कापायचा, हळू ओढायचा. उभ्याला हात नाही लावायचा. उभा शाबूत असला ना, तर आडवा कितीबी वेळा परत भरता येतो. उभा तुटला, की बसा गाठी मारत."

पस्तीस वर्षांत एवढा चांगला तास मला घेता आला नाही.

त्या रात्री मात्र झोप येईना, कारण चाचांचं बोलणं कापडापुरतं राहीना. हे गाव दोनदा उसवलेलं मी पाहिलं आहे. १९७० च्या मे महिन्यात, सात तारखेला, शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली तेव्हा मी कॉलेजात होतो. १९८४ च्या मे महिन्यात दुसऱ्यांदा पेटली तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. त्यांत किती माणसं गेली आणि कशी गेली, ते हलक्याफुलक्या लेखात लिहिण्यासारखं नाही. मला आठवतो तो आवाज. किंवा त्याचं नसणं. भिवंडीत रात्रंदिवस मागांची खटखट चालू असते. पुण्याच्या पाहुण्यांना तिच्यामुळे झोप लागत नाही, आणि पुण्याला गेलं की तिच्यावाचून आम्हाला लागत नाही. कर्फ्यूच्या त्या रात्री सगळे माग थांबले होते. आमची पोर दचकून उठली आणि रडायला लागली. तिची आई तिला थोपटत होती आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता त्या शांततेकडे कान लावून बसलो होतो. इतकी भीती मला कधी कुठल्या आवाजाची वाटलेली नाही.

पुढे १९८८ च्या सुमारास इथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. कल्पना अगदी साधी : त्या त्या वस्तीतल्या दोन्हीकडच्या साध्यासुध्या माणसांनी पोलिसांबरोबर नेमानं एकत्र बसायचं आणि भांडणं लहान असतानाच मिटवायची. सौहार्द, एकात्मता वगैरे जड शब्द मी तिथे फारसे ऐकले नाहीत. ऐकलं ते नळाचं, गटाराचं, पोरांच्या क्रिकेटनं फुटलेल्या काचेचं. मी आणि चाचा एकाच बाकावर बसत असू, कारण बाक एकच होता. एकदा एका बकरीनं कुणाच्या तरी कुंडीतली तुळस खाल्ली, त्यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी बकरीच्या मालकानं नवी तुळस आणून लावायची, असं ठरलं. त्यानं दोन आणल्या. एक कुंडीवाल्याला दिली आणि दुसरी, हिशेबात नको होती तरी, आमच्या जिन्यात ठेवून गेला.

मग १९९२ चा डिसेंबर आला. मुंबई पेटली, पुढच्या जानेवारीत पुन्हा पेटली. सगळ्यांचे डोळे भिवंडीकडे लागले होते, कारण भिवंडीची ख्याती तशी होती. भिवंडी शांत राहिली. आमच्या गल्लीत रात्रभर माग चालू होते. त्या वेळी मला याचं कारण शब्दांत मांडता आलं नसतं. आज चाचांच्या भाषेत मांडता येतं : आडवा फाटला होता, दोनदा, पण उभा कुठेतरी शाबूत होता, आणि कुणीतरी एकेक धागा परत भरत बसलं होतं. तुळशीचा धरून.

आता माग थांबतात ते दुसऱ्या कारणानं. विजेचं बिल, सुताचे चढते भाव, नवी यंत्रं. गेल्या काही वर्षांत भिवंडीतले कितीतरी लूम भंगारात निघाले आणि आसपास गोदामं उभी राहिली. देशभरच्या लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू तिथे उतरतात. चाचांचा धाकटा मुलगा अशाच एका गोदामात खोकी मोजतो. लूमवर त्याचा हात बसला नाही. चाचा त्याला दोष देत नाहीत. फक्त जेवताना त्याच्या बोटांकडे बघत राहतात. वेबस्टरमध्ये तो 'अप्रचलित' हा शेरा किती बारीक अक्षरांत छापलेला असतो! शब्दाला तो दुखत नसेल. चाचांच्या चार लूमपैकी सध्या दोन चालू आहेत. मी रोज सकाळी दूध आणायला जाताना थांबून आवाज मोजतो. दोन असले की पुढे जातो.

स्वेटर पुरा झाला. दिवाळीला नातू आला तेव्हा सौ.नं तो समारंभानं त्याच्या डोक्यावरून घातला. डोकं आत गेलं आणि आतच राहिलं. गळा अरुंद झाला होता. आतून नातू आरडाओरडा करत होता, बाहेरून आम्ही तिघं ओढत होतो. शेवटी लाल कानांनिशी तो बाहेर आला आणि मला चिकटून बसला. सौ.नं स्वेटर उजेडात धरून चष्म्यातून नीट पाहिला आणि गळ्याशी लोकरीचं टोक शोधू लागली.

"परत?" मी विचारलं.

"परत," ती म्हणाली.

कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही.